आटाची पट्टी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या माळ्यावर,
लाकडाचे तीनशे बारा पॅटर्न.
मला ते सगळे स्कॅन करायचे होते, सव्वा महिन्यात.
नंतर माळा रिकामा. तिथं सर्व्हर बसणार.

यल्लोजी सुतार एकेक खाली उतरवायचे,
बाहीनं धूळ पुसायचे
आणि ओळख करून द्यायचे, मी विचारलं नसताना.
ह्यो पंपाचा, ब्याऐंशी साल.
ह्यो हुबळीच्या सावकाराचा, पैसे बुडवलेला.
ह्यो गिअरबॉक्स, ह्याच्या टायमाला थोरली झाली.
स्कॅनर निळा उजेड फिरवी,
स्क्रीनवर बारीक जाळं उठे,
मी फाइलला नंबर देई.

सतराव्या की अठराव्या दिवशी
एका कोपऱ्यात जाळं लाल झालं.
शून्य पॉइंट आठ जास्त.
"काय बगूलालीस?"
चूक आहे काका, ड्रॉइंगशी जुळत नाही.
"चूक नव्हं. तिथं लोखंड जाड. उशिरा थिजतंय,
शेजारचं ओढून घेतंय.
म्हणून थोडं ठेवलंय."
ड्रॉइंगवाल्याला सांगितलं होतं?
"सांगितलंतं की. आयतु म्हणाला, गेला."

त्या कोपऱ्यासाठी मी एक रकाना वाढवला.
नाव दिलं: कारण.
मग ते सांगत गेले, निम्मं कानडीत,
मी टाइप करत गेले,
आणि कंपनीसाठी पुन्हा इंग्रजीत.
चहाचे दोन कप, रोज, जिन्याच्या पायरीवर.

मॉडेल शिकलं. खोटं कशाला बोलू, चांगलं शिकलं.
मच्छ्यातलं यंत्र आता वाळूचा साचा थेट छापतं
आणि जाड कोपऱ्याला आपणहून
थोडं ठेवतं.
शंभरात दोन रिजेक्ट.
त्यांचे तीन असायचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी पिशवीतून पितळी पट्टी काढली.
दिसायला फूटपट्टीच, पण तिच्यातला फूट
फुटाहून इंचाचा आठवा भाग मोठा.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
तेवढा आट आधीच धरायचा.
"बेचाळीस वर्षं हिनंच मोजलं.
घराची चौकटबी चुकून हिनंच केली.
दार कवाच नीट बसलं न्हाई."
हसले. खानापूरची बस चारला होती.
पट्टी माझ्या टेबलावर राहिली,
विसरली म्हणावी तर कागदात गुंडाळलेली.

माझं कंत्राट अकरा महिन्यांचं,
दहावा चालू आहे.
कारणाचा रकाना आता आपोआप भरतो,
मी फक्त बरोबरची खूण करते,
आणि खूण करायलाही
मी लागेनच असं नाही, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं,
माझ्याकडे न बघता, सौम्यपणे.

काल रात्री अनगोळच्या खोलीत
ती पट्टी घेऊन उगाच मोजत बसले.
टेबल. खिडकी. गादी.
माझा डावा हात, कोपरापासून बोटांपर्यंत.
सगळंच थोडं कमी भरतं तिच्यावर.
वहीत आकडे मांडले, खाली तारीख घातली.

दार मोजायचं राहिलं.