निशाणी बांगडी

मांडवीमागच्या पेढीच्या वह्या
मी आठवड्यातून दोन दुपारी वाचते,
मोडी लावत, वाळवीची भोकं चुकवत.

अंतोबा गिरमाजी पोतदार.
फौजेचा थकलेला पगार भरला,
बदल्यात दरबारात बसायला जागा मिळवली,
दोन तहांना जामीन राहिला.
रोजकीर्दीत तहाच्या खाली लगेच
जिरं, सव्वा शेर.

मुलं खर्चाच्या बाजूला सापडतात:
सुईणीस रुपया एक, खण एक.
पुन्हा सुईणीस. पुन्हा.
आणि कधी महिन्याच्या आत
मीठ, पाच शेर.
एवढं मीठ घरात लागत नाही
हे कळायला मला एक अख्खी दुपार गेली.
सात वेळा सुईण, मीठ चार वेळा.
अक्षर कुठेच हललेलं नाही.

भावाशी वाटणीचा तंटा अकरा पानं.
बायको मात्र ‘घरात दिले’, इतकीच.

शके सतराशे एकतीस, श्रावण:
इथून अक्षर कारकुनाचं.
सरकारकडून येणे बाकी, व्याज, मुदत,
आणि तळाशी शाईचा वेडावाकडा गोल.
शेजारी लिहिलंय,
निशाणी बांगडी, भिवराबाई.

हातात तेव्हा एकही नसणार.

पुढची तेवीस वर्षं
पेढी त्या गोलावर चालली.
वसुली आधीपेक्षा बरी.