बाबत

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
खालच्या लेथची थरथर तळपायांत घेऊन
मी व्हॉल्व्ह विकते. म्हणजे,
व्हॉल्व्हच्या आधीची एक ओळ लिहिते.

ओळ सदतीस अक्षरांत बसायला हवी.
पुढचं मोबाइल कापतो:
'धनतेरसपर्यंत वीस टक्के सूट, फक्त'
फक्त काय, ते कापलेल्या बाजूला.

'मोफत' म्हटलं की पत्र परस्पर कचऱ्यात.
उद्गारचिन्ह एकच. प्रश्न विचारला तर बरं.
समोरच्याचं नाव घातलं तर आणखी बरं,
पण यादीत कुणीतरी नावाच्या रकान्यात
'स्टोअर' भरून ठेवलंय.
सकाळी नऊला चाळीस जणांना जातं:
स्टोअर, तुमचा व्हॉल्व्ह गळतोय का?

बेन, केटलांनी उघडलं? केतनभाई विचारतात.
शंभरात अकरा.
ते हसतात. एवढे तर पानवाल्याच्या गल्ल्यावरचं
कॅलेंडर बघतात.

बाबा कोठीच्या कचेरीत कारकून.
दिवसभर गुजरातीत टिपणं, घरी मराठीत अर्ज.
विषय : कु. हेमांगी हिला गालगुंड झाल्याबाबत.
विषय : सामाईक मोरी तुंबल्याबाबत.
एकदा आईसाठी फ्रिजवर चिठ्ठी,
विषय : दूध.
खाली काहीच नाही. सही मात्र पूर्ण.
त्यांच्या ओळीनं कधी कुणाला डोळा मारला नाही,
आणि मोरी, आठवतं तसं,
प्रत्येक वेळी साफ झाली.

गेल्या मंगळवारी, दोन वर्षं मुके असलेल्या पत्त्यांना
मी पाठवलं : आम्हाला विसरलात ना?
शंभरात एकतीस.
केतनभाईंनी सगळ्यांना शेव-उसळ मागवली,
माझ्या वाटीत तरी जास्त.

बुधवारी एक उत्तर. नंदेसरीहून, रसिक पांचाळ.
'विसरलो नाही, बेन. प्लांटला कुलूप आहे.
तुमचा तीन इंची टाकीवर अजून आहे, गळत नाही.
रविवारी जाऊन बघून येतो. कुणी सांगितलेलं नाही.
विचारलंत, बरं वाटलं.
आतलं कूपन मला चालणार नाही,
दुसऱ्या कुणाला देऊन टाका.'

उत्तर देताना वर माझी ओळ आपोआप येते.
ती त्यांनी पुसली होती.
विषयाची जागा रिकामी.

पाचच्या आत केतनभाईंना धनतेरसची ओळ हवी आहे.
मी पांचाळांना लिहितेय.
मजकूर झालाय, दोन वाक्यं आणि नमस्कार.
वर कर्सर लुकलुकतोय.
'तीन इंची' लिहिलं. खोडलं.
'रविवार' लिहिलं. तेही.
मग शेवटाकडून सुरू केलं,
आधी 'बाबत' टाकला
आणि कर्सर त्याच्या डावीकडे नेऊन ठेवला.
अक्षरं मोजली नाहीत.

खाली लेथ थांबला. चहा आला असावा.