नेमकी

तिचं नाव फेम्के.
पंचफुलाच्या तोंडात एका दिवसात त्याचं 'नेमकी' झालं
आणि ते तिला शोभलंही.
टेप घेऊन ती सगळं मोजायची:
चुलीपासून भिंत, भिंतीपासून पाठ,
उकिडव्या बसलेल्या बाईचा गुडघा जमिनीपासून किती.

मी एस्तेर शलमोन तायडे, तेव्हा एकोणीस वर्षांची,
अर्धा दिवस मिशन दवाखान्याची कारकून,
उरलेला अर्धा दिवस तिची जीभ.
बाळंतिणींच्या सोबतिणींना राहायला ओसरी बांधायची होती.
संस्थेनं पैसे पाठवले, आणि सहा महिन्यांसाठी ही मुलगी,
जिचं स्वतःचं शिक्षण संपायला अजून वर्ष होतं.

पहिल्या नकाशात तिनं दक्षिणेला भली मोठी खिडकी काढली.
म्हणाली, ऊन आत यायला हवं.
मी तसं सांगितलं.
देवमन मिस्त्री हसला नाही.
आपली चप्पल काढली, तिलाही काढायला लावली,
म्हणाला, ठेव पाय.
एप्रिल होता, दुपारचे दोन.
संध्याकाळपर्यंत खिडकी उत्तरेला गेली.

मग माती.
पाच फुटांवर काळी, आठ फुटांवर काळी, बारा फुटांवरही काळी,
भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी.
'हे माती चालते, बाई. उन्हाळ्यात आकसते, पान्यात फुगते.
घर घेऊन चालते.'
रविवारी पाळकांनी खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला घेतला.
देवमन दाराशी बसून ऐकत होता.
बाहेर आल्यावर मला विचारतो,
'अन् खडकच नाई लागला, तं मानसानं रायाचं कुठी?'
मी हे तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आमच्याकडेही खडक नाही,
आजोबांचं घर चिखलात ठोकलेल्या लाकडांवर उभं आहे.
आणि हात असा थोडा तिरपा केला.
माझं भाषांतर व्हायच्या आत देवमननं मान हलवली.

गिरमिटानं भोकं पाडली,
तळाशी हंड्याएवढं पोट, त्यात लोखंड, त्यात काँक्रीट.
काँक्रीटला आमचं खारं पाणी चालेना,
म्हणून अकोटहून गोड्या पाण्याचा टँकर.
डोक्यावर टोपलं तसंच ठेवून पंचफुला म्हणाली, सहजच,
'भिंतीले गोडं, अन् आमच्या लेकराइले खारं.'
हे मी सांगितलं नाही.
तिनं विचारलं, काय म्हणाली?
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा सांगितलं.

त्या रात्री वीज नव्हती. तिच्या खोलीत कंदील होता.
सकाळी नकाशातून कमान गेली होती,
ती विटांची, जिचे तिनं अकरा कागद केले होते.
त्या जागी दोन साधे खांब,
आणि मागे, पन्हळीखाली, पावसाच्या पाण्याची टाकी,
तोटी कुंपणाबाहेर, गावाच्या अंगाला.
संस्थेला काय कारण लिहिलं, मला माहीत नाही.
तेवढ्यासाठी तिला दुभाषी लागली नाही.

(टाकी पहिल्या वर्षी गळली, तेही सांगून टाकते.)

जाताना तिनं भिंतीतल्या केसाएवढ्या भेगेवर
काचेची एक पट्टी आडवी चिकटवली,
तिच्यावर मार्करनं तारीख.
काच तडकली तर भिंत हलली असं समज,
आणि मला कळव.

पुढच्या मे महिन्यात तडकली.
मी फोन हातात घेतला.
देवमननं भेगेत नख घालून पाहिलं.
'घर बसून रायलं,' म्हणाला, 'मानूस नाई का कूस बदलत.'

मी तिला लिहिलं,
पंचफुलाच्या सुनेला मुलगी झाली,
तोटीवर सकाळी भांडणं होतात,
उत्तरेच्या खिडकीत बाया दुपट्टी वाळवतात.
काचेचं लिहिलं नाही.
नऊ वर्षं झाली. अजून तिथंच आहे ती,
दिवस आणि महिना एका तुकड्यावर,
वर्ष दुसऱ्या.