कान ठणकत होता म्हणून

शहाणपण नव्हतं ते, आधीच सांगतो.
त्या रात्री डावा कान ठणकत होता,
लसणाचं तेल घातलेलं, वर कापसाचा बोळा,
आणि जानेवारीचं वारं सावळजपासूनच
कानात दाभण घालत होतं.
म्हणून घातलं हेल्मेट.
एरवी ते आरशाला टांगलेलं,
विश्रामबागच्या चौकापुरतं.
शिट्टी दिसली की डोक्यावर,
चौक सरला की परत आरशाला.

भुरीवरची औषधं विकतो मी.
बागायतदाराला सांगतो,
रोग दिसल्यावर फवारून काय उपयोग, मालक,
दिसायच्या आधी मारा.
वीस वर्षं हेच सांगतोय.
पोट त्यावरच चाललंय.

कुमठे फाटा मागं पडला.
समोरून एक जीप आली, अप्पर लावून,
डोळ्यांत पांढरं पांढरं झालं,
आणि ती गेल्यावर जो अंधार उरला
त्यातला एक तुकडा जरा जास्त काळा होता.
तो ऊस होता.
दोन ट्रॉल्या, एकीमागं एक,
ना दिवा, ना रेडियम,
मागं लोंबणारं वाढं
आणि पुढं कुठंतरी टेपवर लावणी.

ब्रेक दाबला असं मला आठवतं.
खरं काय ते गाडीला माहीत,
ती भंगारात गेली.

डांबराचा आवाज
हेल्मेटच्या आतून ऐकलाय कधी?
जात्यात खडा सापडावा तसा.
फक्त इथं जातं म्हणजे तुम्हीच,
आणि खडा म्हणजे पण तुम्हीच.

ट्रॉलीवर, उसाच्या मोळ्यांवर, एक बाई बसलेली.
गयाबाई, पाटोद्याकडची.
तिनं बोंब मारून ट्रॅक्टर थांबवला,
उतरली, पदर खोचला.
लोक जमले, एकानं हनुवटीखाली हात घातला,
तशी ती खेकसली,
"टोप काढू नगा त्याचा! हलवू नगा!
माझ्या दिराला असंच उचललं व्हतं."
पुढचं तिनं सांगितलं नाही.
रुग्णवाहिका येईपर्यंत
माझ्या डोक्याशी उकिडवी बसून राहिली,
हातात कोयता तसाच.

मिरजेला तीन आठवडे.
गळपट्टीचं हाड, चार बरगड्या, गुडघ्यात सळी.
शेजारच्या कॉटवर त्याच रात्री आणलेला पोरगा,
मालगावचा, एकवीस वर्षांचा.
त्याचं हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर होतं म्हणे.
सकाळी सिस्टरनं चादर बदलली.
त्याची आई जिन्यावर बसली होती
हेल्मेट मांडीवर घेऊन.
त्यावर एक ओरखडा नव्हता.

माझं घरी आहे, माळ्यावर.
डाव्या बाजूला, बरोबर कानाच्या जागी,
वीतभर घासलंय, आतला थर्माकोल दिसतो.
बायको म्हणते टाकून द्या, बघवत नाही.
मी कधीतरी खाली काढतो,
त्या खाचेत बोट घालतो,
आणि बोट तिथं थांबतं
जिथं माझं डोकं सुरू झालं असतं.

मुलीला भाषण देत नाही.
ती क्लासला निघाली की खिडकीशी उभा राहतो.
हनुवटीखालचं ते "टक्" ऐकू आलं
की मग चहा प्यायला बसतो.
चौकात पोलीस नसतो तेव्हाही
आता मी सिग्नलला थांबतो,
मागचा हॉर्न वाजवतो,
वाजवू दे.

भीती गेली असं नाही.
रात्री पुढं अंधार जरा दाट वाटला
की उजवा हात आपोआप सैल होतो.

सीझन सुरू झाला की
कारखान्याच्या अड्ड्यावर जातो.
ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते,
ड्रायव्हर बाजेवर, चुली पेटलेल्या,
मळीचा वास.
पिशवीत रेडियमचं बंडल आणि एक कात्री.
ट्रॉलीच्या मागं फडक्यानं माती पुसतो,
लाल पट्टी, पांढरी पट्टी,
अंगठ्यानं कडा दाबतो. थंडीत लवकर चिकटत नाही.

गेल्या वर्षी एक ड्रायव्हर हसला,
"काय दाजी, नवस हाय का कसला?"

म्हटलं, नाही बाबा.
कान ठणकतोय.