वीस रुपयांत दहा मिनिटं

मारेगावच्या पुढं, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर
खुशाल आत्रामचं झेरॉक्सचं दुकान.
कूलरमागं एक खोकं, डोळ्यांवर बांधायचं.
दहा मिनिटांचे वीस रुपये.

भरतीत दोनदा छातीत कमी भरलेला अंकुश
खोकं बांधतो, तेव्हा बाहेर सत्तेचाळीस डिग्री.
आत बर्फ.
आत त्याचा एक घोडा आहे,
नाव ठेवलंय चिचवा.
आणि तिकडं कुणी वय विचारत नाही.

आम्ही बाकड्यावरून पाहतो :
तो हवेतला लगाम धरतो, हवेतलं दार ढकलतो,
वाकतो. चौकट बुटकी असावी तिकडची.

परवा ढकलताना हात लागला
भिंतीवरच्या खाणीच्या नोटिशीला.
गट नंबर, गावठाण, हरकतीची मुदत.
बोटांनी चाचपत म्हणाला,
"काय बे, इथं दगड हाय का?"
"हाव," खुशाल म्हणाला, "बाजूनं जाय."

मग लाईट गेली.
खोकं न काढता तो तसाच उभा,
मूठ आवळून,
घोडा कुठं जाऊ नये म्हणून.
कूलर ठिबकत होता.
कुणी काही बोललं नाही.

त्याच्यामागं माझा नंबर होता.
मुठीतली नोट घामानं मऊ झाली होती.