परड्यातलं बेणं

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी साचे फोडले.
काळ्या वाळूत हात घालून
अजून ऊन असलेलं कास्टिंग बाहेर काढायचं,
पुसायचं, कानाजवळ धरून ठोकायचं.
चांगलं घंटेगत वाजायचं,
आत पोकळी असली की मडक्यागत.
मग खडूची फुली. परत भट्टीत.
कुणी विचारलं नाही
फुली मारणाऱ्याला रात्री झोप लागते का.
लागायची. चांगली लागायची.

आता अनगोळात घरामागं
विहिरीपासून कुंपणापर्यंतची एक पट्टी,
आणि कल्लाप्पा मोदगेकरानं कडोलीहून
पिशवीतून आणलेलं पाच किलो बेणं.
"बाजारातलं लावू नको गा," तो स्टँडवरच म्हणाला,
"शीतगृहात किती महिने झोपलंय,
काय पिऊन झोपलंय, कुणाला ठावं.
हे घरचं. शेणखत आणि निंबोळी पेंड, दुसरं काय नाही.
पैसे नकोत. माघात दीडपट परत दे."

सातेरीच्या आम्लेटच्या गाडीवरचे रिकामे ट्रे आणले.
एकेका खळग्यात एकेक बटाटा,
जास्त डोळ्यांची बाजू वर.
खाटेखाली, अर्ध्या उजेडात, तीन आठवडे.
भारता म्हणाली, मी नाही झोपायची ह्या खाटेवर,
खालून सगळे बघत असतात.

बोटं जुनीच होती, काम नवं.
दाबलं की मऊ लागतं, ते बाजूला.
खरूज धरलेलं बाजूला.
केसासारखा बारीक, पांढरा कोंब आलेलं
दिसायला देखणं, तरी बाजूला.
ठेवायचं ते, ज्याचा कोंब आखूड,
जाड, जांभळट,
म्हशीच्या रेडकाला नुकतं शिंग फुटावं तसा.

मोठे होते ते कापले.
कुंपणापलीकडून निंगव्वा बघत होती.
"कण्णु एष्टु?"
मी फोड वर धरली. तीन.
"साकु," म्हणाली, आणि तिच्या चुलीतली
डबाभर राख कुंपणावरून दिली.
कापलेल्या जागी राख चोळून
दोन दिवस सावलीत. मग दिवाळीची पणती
कोनाड्यात परत गेली त्या आठवड्यात, सरीत.

डिसेंबरात धुकं चार दिवस हटलं नाही.
पानांवर करपा. काळे डाग, कडेनं पांढुरकी बुरशी.
अकरा झाडं मुळासकट उपटली,
लांब, रेल्वे रुळापलीकडं नेऊन जाळली.
खडू नव्हता खिशात,
हात मात्र खिशाकडं गेला.
त्या रात्री झोप लागली नाही.

जी सहा झाडं ताठ राहिली
त्यांना भारताच्या जुन्या परकराची लाल नाडी बांधली.

माघात माती उकरली. फावडं नको, हातच.
वाळू नाही ही, तांबडी, थंड,
पण साचा फोडताना पोटात जे व्हायचं
तेच झालं.
एका नाडीच्या झाडाखाली चौदा.
अंड्याएवढे, सारखे, एकालाही भेग नाही.

"हे विहीणबाईंना रश्श्याला," भारतानं टोपली ओढली.
"हे बेणं," मी म्हणालो.
"आणि पाहुण्यांना गोट्या वाढू?"
"वाढ."
चांगलं ते ट्रकात चढून पुण्याला जायचं,
आमच्या आवारात उरायचं ते फुलीचं.
हे एवढं तिला सांगायला मला
एकतीस वर्षं आणि एक टोपली लागली.
ती काही बोलली नाही. टोपली सोडली, पण आपटून.

शेवटच्या आळ्यात मूळची फोड हाताला लागली.
साल तेवढी उरलेली, आत पाणी.
सवयीनं कानाजवळ धरून ठोकली.
काहीच वाजलं नाही.
थोडा वेळ तशीच धरून बसलो,
मग होती तिथंच परत पुरली.

कल्लाप्पाचे साडेसात किलो मोजून ठेवलेत.
दाराशी पिशवी आहे.
विहीणबाई सोमवारी येणार आहेत.