सात नंबरचा पूल

एका खुर्चीत बसून मी अकरा पूल उघडतो.
लेउवार्डनच्या या दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा वास येत नाही,
कॉफीचा येतो, आणि नव्या गालिच्याचा.
पडद्यावर होडी येते, मी बटण दाबतो,
वीस किलोमीटरवर कुठंतरी घंटा वाजते,
सायकलवाले एक पाय टेकून थांबतात
आणि रस्ता उठून उभा राहतो.

बाबा एकच पूल सांभाळायचे. हातानं.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
होडीसमोर सोडायचे, लोक त्यात नाणं टाकायचे.
त्यांना प्रत्येक होडीचं नाव ठाऊक होतं.

सप्टेंबरात सात नंबरपुढं एक शिडाची होडी
चाळीस मिनिटं थांबली.
मी झोपलो नव्हतो. विसरलो नव्हतो.
बघत होतो तिच्याकडे.
त्या माणसानं हात हलवला, मग भोंगा वाजवला,
मग डबा काढून जेवून घेतलं.
माझा हात मांडीवर होता, आणि तो
दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा पडून होता.

साहेबीणबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट.
एक पाकीट दिलं : आत कोड.
कंपनीला काही कळणार नाही, म्हणाल्या,
नाव लागत नाही, सहा धडे आहेत, फोनवरच.
डॉक्टरांचा शब्द होता डिप्रेशन.
आमच्या गावात म्हणतात, येल्मर जरा दमलाय.

पहिल्या धड्यात नुसते प्रश्न, प्रत्येकाला चार गोल.
कधीच नाही. कधीकधी. बऱ्याचदा. रोज.
दुसऱ्यात डोक्यावर ढग असलेल्या माणसाचं चित्र.
सत्तेचाळीस वर्षांच्या बाप्याला ढगाचं चित्र!
फोन उलटा घालून ठेवला.

आठ दिवसांनी निरोप आला :
घाई नाही. सोडलात तिथंच आहे धडा. वीत्स्के.
मी लिहिलं, तू मशीन आहेस का?
दोन दिवसांनी उत्तर :
नाही. सर्दी झालेली बाई आहे. उशीर झाला, माफ करा.

तिसऱ्यात रोज केलेलं एक काम लिहायचं
आणि कसं वाटलं त्याला दहापैकी गुण द्यायचे.
मी लिहिलं : पूल उघडला. शून्य.
पूल उघडला. शून्य.
कपडे वाळत घातले. शून्य.
तिनं विचारलं, पुलाखालून कोण गेलं?

कोण गेलं ते मी कशाला बघतोय.
पण दुसऱ्या दिवशी बघितलं :
बिटांनी काठोकाठ भरलेलं मालवाहू जहाज,
टपावर एक तांबडा कुत्रा
कॅमेऱ्यावर भुंकत, अगदी माझ्यावरच,
पूल मागं पडेपर्यंत.
दोन गुण, मी लिहिलं. कुत्र्याला.

चौथा धडा अर्धा राहिला.
पाचवा उरकला, सगळीकडे तीन ठोकून,
शाळेत करायचो तसा.
तिला कळलं असणार. बोलली नाही.
सहाव्यानंतर कोड बंद झाला, पडद्यावर
धन्यवाद आलं, आणि एक बाण, कुठंच न नेणारा.
वीत्स्केची सर्दी बरी झाली का,
हे विचारायचं राहून गेलं.

फ्राउक्येला वाटायचं, मी रात्री
स्केटिंगच्या शर्यती बघतो.
रविवारी फोन तिच्यापुढं ठेवला.
उत्तरं उतरवून घेतलेली होती त्यात, पहिल्यापासून.
तिनं चष्मा शोधला. वाचत राहिली,
बटाटे करपल्याचा वास येईपर्यंत, आणि नंतरही.

मग चष्मा काढून म्हणाली,
अकरा ऑक्टोबर. आपण समुद्रावर गेलो होतो.
तू शून्य लिहिलंयस.
मी पण त्यातच का?

या प्रश्नाखाली चार गोल नव्हते.
मी उठून गॅस बंद केला.
परत येऊन बसलो. तिच्या बाजूला,
समोर नाही.
आणि बोलायला लागलो,
कुठून सुरू करायचं ते ठाऊक नसताना,
वारा, वाळू, तिची उडालेली टोपी,
जिच्यामागं ती धावली
आणि मी धावलो नाही.